सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, की आहे ते ऑटोकॅडच बरं? (रबाळेतल्या छोट्या टूलरूमसाठी सल्ला हवा)

रबाळे_टूलरूम | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक वायरकट, एक सरफेस ग्राइंडर आणि कोपऱ्यात काचेची डिझाइन केबिन. काम मुख्यतः जिग-फिक्स्चर (मशीनिंग करताना पार्ट पकडून ठेवणारी साधनं), चेकिंग गेज, अधूनमधून प्रेस टूल. आजवर ऑटोकॅड एलटीवर, म्हणजे टू-डी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर भागलं. ग्राहक प्रिंट द्यायचा, आम्ही टू-डीत फिक्स्चर काढायचो, तो सही करायचा, विषय संपला.

आता प्रिंट येतच नाही, मॉडेल येतं. चाकणचा एक ग्राहक कॅटियाचा पार्ट पाठवतो. अंबरनाथचा सॉलिडवर्क्सची अख्खी असेंब्ली झिप करून पाठवतो. बाकीचे 'स्टेप पाठवलीय, बघून घ्या' म्हणतात, म्हणजे कुठल्याही थ्री-डी सॉफ्टवेअरला चालणारी फाइल. दरवेळी बाहेरच्या मुलाकडून ती उघडून घ्यायची, व्ह्यू काढून घ्यायचे, आणि कोटेशन द्यायला चार दिवस उशीर.

थ्री-डी घ्यायचंच ठरवलंय. एकच सीट, म्हणजे एकाच माणसापुरता परवाना. क्रॅक नको, हे आधीच सांगून ठेवतो. रिसेलर तिघे येऊन गेले. तिघांनीही चहा पिऊन उरलेल्या दोघांची उणीदुणी काढली. वापरणाऱ्यांनी सांगा. विकणारे गप्प बसले तरी चालेल.

सरळ_रेषा | रात्री ९:५१

सॉलिडवर्क्स. धागा बंद करा.

कोपरीकर | रात्री ९:५८

हा धागा शंभरी गाठणार. बसून घेतो.

वागळे_ड्राफ्ट्समन | रात्री १०:३०

साहेब, घाई करू नका. मी वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग बोर्डवर सुरुवात केलेला माणूस. मिनी ड्राफ्टर, रॉटरिंगची पेनं, ट्रेसिंग पेपरवर चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची आणि अमोनिया प्रिंटच्या खोलीत डोळे चोळत उभं राहायचं. त्यातून ऑटोकॅडने बाहेर काढलं. डॉसवरचं रिलीज १२ वापरलं, मग १३ आलं ते सगळ्यांनी शिव्या घालत ढकललं, आणि १९९७ मध्ये १४ आलं तेव्हा कुठे विंडोजवर नीट बस्तान बसलं.

ऑटोडेस्क १९८२ ची. तेव्हा कॅड म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित खोलीतली लाखोंची यंत्रणा. ह्यांनी तेच काम साध्या पीसीवर आणलं. त्या काळी जो तो म्हणायचा की हे खेळणं आहे. त्या खेळण्याने बाकीच्यांची दुकानं बंद केली.

माझं म्हणणं एवढंच: फिक्स्चर म्हणजे काय हो? बेस प्लेट, लोकेटर, क्लॅम्प, रेस्ट पॅड. तीन व्ह्यू आणि एक सेक्शन. त्याला थ्री-डी लागतं असं मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. माझा हात एल, टीआर, सीओ, ओ टाइप करत जातो, माउसकडे बघावं लागत नाही. थ्री-डीवाली पोरं एका होलला चार खिडक्या उघडतात.

शिवाय एलटी २०२४ पासून त्यात ऑटोलिस्पही (ऑटोकॅडमध्ये छोटे प्रोग्राम लिहायची भाषा) चालतं. इतकी वर्षं ते मुद्दाम बंद ठेवलं होतं. आमच्या लिस्पवर फिक्स्चरची बीओएम (लागणाऱ्या सामानाची यादी) बटण दाबलं की बाहेर येते.

सरळ_रेषा | रात्री १०:३८

काका, पाच अक्षांवर फिरवलेल्या कास्टिंगला क्लॅम्प कुठे बसतो आणि टूलहोल्डर कुठे आपटतो, हे तीन व्ह्यूत दाखवा. मी मान कापून देतो.

वागळे_ड्राफ्ट्समन | रात्री १०:४४

मान ठेवा जागेवर. आम्ही कटर पाथ ट्रेसिंगवर काढून घ्यायचो आणि टूल आपटायचा नाही.

जुना_यूजी | रात्री ११:२०

ह्या भांडणात दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत, म्हणून थोडं लांब लिहितो.

तुम्हाला पडद्यावर जे दिसतं ते वरचं कवच. आत घन आकाराचं गणित करणारं एक इंजिन असतं, त्याला कर्नल म्हणतात. फिलेट कसा वळेल, दोन बॉडी एकमेकांतून वजा केल्यावर काय उरेल, हे सगळं तिथे ठरतं. जगात चालणारी कर्नल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातलं सगळ्यात जास्त पसरलेलं पॅरासॉलिड. जन्म इंग्लंडमधल्या केंब्रिजचा, मालकी आज सीमेन्सची.

आता गंमत बघा. सीमेन्सचं स्वतःचं एनएक्स आणि सॉलिड एज पॅरासॉलिडवर चालतं, ते ठीक. पण सॉलिडवर्क्स सुद्धा पॅरासॉलिडवर चालतं! मालक फ्रान्सची दासो, आणि इंजिन थेट प्रतिस्पर्ध्याकडून परवाना घेऊन. दासोचं स्वतःचं कॅटिया मात्र वेगळ्या कर्नलवर. म्हणजे एकाच मालकाच्या कॅटिया आणि सॉलिडवर्क्समध्ये भाषांतर लागतं, आणि भांडणाऱ्या दोन कंपन्यांच्या सॉलिडवर्क्स आणि सॉलिड एजमध्ये लागत नाही. त्यातही भर म्हणजे एसिस नावाचं दुसरं कर्नल दासोने २००० साली विकत घेतलं, आणि ऑटोडेस्कने त्याचाच फाटा काढून स्वतःचं शेपमॅनेजर केलं. इन्व्हेंटर, फ्यूजन त्यावर.

धागाकर्त्यांच्या कामाचं सांगतो. अंबरनाथच्या ग्राहकाला म्हणा, स्टेप नको, एक्स_टी पाठव. ती पॅरासॉलिडची स्वतःची फाइल. सॉलिड एज घ्या की सॉलिडवर्क्स, ती जशीच्या तशी उघडेल. फाटके सरफेस, उघड्या कडा हा ताप जवळजवळ संपतो. फीचर ट्री (मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी बनलं त्याची यादी) येणार नाही, पण फिक्स्चर करणाऱ्याला दुसऱ्याच्या फीचर ट्रीशी काय देणंघेणं?

रबाळे_टूलरूम | रात्री ११:३२

हे तिघांपैकी एकाही रिसेलरने सांगितलं नाही. उद्याच विचारतो. चाकणच्या कॅटियाचं काय करायचं?

जुना_यूजी | रात्री ११:४१

त्याच्याकडून स्टेप घ्या, त्यातला एपी२४२ हा नवा प्रकार मागा. तो नाही म्हणाला तर एपी२१४. जुन्या एपी२०३ मध्ये रंगही येत नाहीत आणि बरेच ग्राहक मशीनिंगचे फेस रंगवून दाखवतात. सॉलिडवर्क्स कॅटिया व्ही५ ची फाइल थेट उघडतं, पण त्यासाठी प्रीमियम लागतं. एका ग्राहकासाठी वरचं पॅकेज घेऊ नका.

आणि एक सांभाळा. टॅप होल. कॅटियात एम८ चं थ्रेडेड होल मॉडेलमध्ये ६.६४७ व्यासाचं येतं, म्हणजे थ्रेडचा आतला व्यास. सॉलिडवर्क्सच्या होल विझार्डमधून तेच ६.८ येतं, म्हणजे टॅप ड्रिल. थ्रेडची माहिती मॉडेलच्या भूमितीत नसते, ती चिकटवलेली असते आणि स्टेपमध्ये बहुतेक वेळा गळून जाते. समोर नुसतं ६.६४७ चं गोल भोक दिसतं. नवीन पोराला वाटतं, तीन दशांश दिलेत म्हणजे रीमिंगचं होल असणार. म्हणून मॉडेलबरोबर प्रिंटची पीडीएफ मागितल्याशिवाय कोटेशन देऊ नका.

लेझर_पवणे | बुधवार, सकाळी ७:१५

रात्री बराच धुरळा उडालेला दिसतोय. मी पवण्यात लेझर कटिंग आणि बेंडिंग करतो. माझ्याकडे सगळ्या सॉफ्टवेअरची पापं डीएक्सएफ (कटिंगला लागणारी टू-डी फाइल) होऊन येतात, त्यामुळे माझं कोणावर प्रेम नाही.

पहिलं पाप स्प्लाइन. सुंदर कर्व्ह काढतात, एक्सपोर्ट करतात, आणि माझ्या नेस्टिंगमध्ये (पत्र्यावर पार्ट मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याचे हजार तुकडे होतात. मशीन प्रत्येक तुकड्यावर अडखळतं आणि कडेला दाते दिसतात. मग फोन येतो की तुमचं लेझर खराब आहे. आर्कमध्ये द्या रे बाबांनो.

दुसरं पाप एकक. डीएक्सएफमध्ये आकडा असतो, एकक गृहीत धरलं जातं. इंचातल्या माणसाने काढलेली ब्रॅकेट माझ्याकडे २५.४ पटीने लहान येते. ते निदान लगेच दिसतं.

तिसरं पाप मात्र दिसत नाही, ते म्हणजे के-फॅक्टर, पत्रा वाकवताना न ताणला जाणारा थर जाडीत कुठे धरायचा तो आकडा. २ एमएम सीआरसीए पत्रा, आतली त्रिज्या २, बेंड ९० अंश. एका सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी के ०.५ ठेवलाय, बेंड अलाउन्स (वळणात लागणारी पत्र्याची लांबी) आला ४.७१. दुसऱ्यात ०.३३ ठेवलाय, आला ४.१८. एका बेंडला अर्धा एमएम. चार बेंडचा बॉक्स असेल तर दोन एमएमहून जास्त फरक, आणि दरवाजा बसत नाही. प्रत्येक जण म्हणतो आमच्या सॉफ्टवेअरचं फ्लॅट पॅटर्न बरोबर. अहो, सॉफ्टवेअरला काय माहीत माझ्या प्रेसब्रेकवर कुठला डाय लावलाय! मी हल्ली सरळ सांगतो, बेंड केलेलं मॉडेल द्या, उलगडायचं काम माझं.

सरळ_रेषा | सकाळी ८:०२

लेझरवाल्यांना दंडवत. पण मूळ प्रश्न टूलरूमचा आहे आणि त्याचं उत्तर मी काल दिलंय. कारणं हवीत तर घ्या.

थ्री-डीत पॅरामेट्रिक पद्धत आणली ती पीटीसीच्या प्रो-इंजिनिअरने, १९८७-८८ च्या सुमारास. एक माप बदललं की सगळं मॉडेल मागून बदलतं. पण त्याला युनिक्सचं वर्कस्टेशन लागायचं आणि ते परवडायचं मोठ्यांना. १९९३ मध्ये जॉन हर्षटिक ह्या माणसाने सॉलिडवर्क्स कंपनी काढली (हा एमआयटीच्या त्या ब्लॅकजॅक खेळणाऱ्या टोळीत होता, जोखीम घ्यायची सवय तिथलीच असावी). १९९५ च्या शेवटी पहिली आवृत्ती आली, ती थेट विंडोजवर. दोन वर्षांत, १९९७ ला, दासोने ३१ कोटी डॉलर मोजून कंपनीच विकत घेतली. कॅटियावाल्यांना कळलं होतं की खालून पाणी चढतंय.

आणि आपला अभिमानाचा मुद्दा. सॉलिडवर्क्समध्ये बाहेरून आलेल्या मुक्या (फीचर ट्री नसलेल्या) बॉडीतून फीचर ओळखून काढणारं फीचरवर्क्स विक्रोळीच्या जिओमेट्रिकने केलेलं. गोदरेज घराण्यातली कंपनी, पुढे एचसीएलकडे गेली. आज सॉलिडवर्क्सबरोबर मिळणारं सॉलिडवर्क्स कॅम (मॉडेलवरून मशीनचा प्रोग्राम काढणारं) आहे ना, ते त्यांच्याच कॅमवर्क्सवर उभं आहे. रबाळ्याहून विक्रोळी किती लांब हो? व्हीएमसी आहेत तर कॅमचाही विचार करा.

मुलं मिळतात, हा सगळ्यात मोठा मुद्दा. ठाणे स्टेशनला उतरा, क्लासच्या पाट्या वाचा. सॉलिड एज येणारा मुलगा शोधायला निघालात तर दिवाळी येईल.

जुना_यूजी | सकाळी ९:१०

पाट्यांवर कॅटिया सुद्धा असतं. बाहेर पडलेल्या पोराला पॅड, पॉकेट सोडून काय येतं ते एकदा मुलाखत घेऊन बघा. ज्याला प्रिंट वाचता येते त्याला कुठलंही सॉफ्टवेअर महिनाभरात येतं. ज्याला फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल कळत नाही त्याला एनएक्स देऊन उपयोग काय?

सॉलिड एजचं सांगायचं तर, ते १९९६ ला इंटरग्राफने काढलं, सुरुवातीला एसिसवर. १९९८ ला युनिग्राफिक्सवाल्यांनी (त्यांचंच आजचं एनएक्स) घेतलं आणि पॅरासॉलिडवर आणलं. २००८ पासून त्यात सिंक्रोनस आहे. म्हणजे आयात केलेल्या मुक्या मॉडेलचा फेस पकडून ओढा, इतिहास लागत नाही. फिक्स्चरवाल्याला रोज हेच करायचं असतं. ग्राहकाने कास्टिंगचा बॉस दोन एमएमने हलवला की तुमचा रेस्ट पॅड हलवायचा.

सरळ_रेषा | सकाळी ९:१६

मूव्ह फेस सॉलिडवर्क्समध्येही आहे.

जुना_यूजी | सकाळी ९:१९

आहे. ट्रीमध्ये प्रत्येक वेळी एक नवीन फीचर साठत जातं आणि विसाव्या बदलाला कोणाचं काय कशावर अवलंबून आहे ते ब्रह्मदेवाला कळत नाही.

सरळ_रेषा | सकाळी ९:२१

ज्याला ट्री नीट लावता येत नाही त्याने सॉफ्टवेअरला दोष देऊ नये.

कोपरीकर | सकाळी ९:३०

चला, गाडी रुळावर आली.

ऐरोली_पायपिंग | दुपारी १:०५

डब्यातली भाजी संपवत लिहितोय. ऐरोलीत एका ईपीसी (प्लांट डिझाइन करून उभारून देणाऱ्या) कंपनीत पायपिंगला आहे. तुमच्याकडे निदान निवडायचा प्रश्न तरी आहे. आमच्याकडे पीडीएमएस की एसपीथ्रीडी (दोन्ही प्लांटचं थ्री-डी मॉडेल करायची सॉफ्टवेअर) हे भांडण लग्नाच्या पंगतीतही होतं, पण ठरवतो कोण? प्लांटचा मालक. त्याने निविदेतच लिहिलेलं असतं की मॉडेल अमुक सॉफ्टवेअरमध्ये हवं. मग खालचे सगळे सल्लागार, कॉन्ट्रॅक्टर, मनुष्यबळ पुरवणारे तेच.

पीडीएमएस केंब्रिजच्या कॅडसेंटरचं, सत्तरच्या दशकातलं. पुढे ती कंपनी अवेवा झाली. एसपीथ्रीडी इंटरग्राफचं. ती इंटरग्राफ २०१० ला हेक्सागॉनने घेतली. म्हणजे वर ज्यांचा उल्लेख आला त्या सॉलिड एजची जन्मदाती कंपनी आज आमच्या वाट्याला.

सॉफ्टवेअर आपण निवडत नाही, आपल्याला काम देणारा निवडतो. माझ्या ओळखीतला उत्तम पायपिंग डिझायनर, स्ट्रेस कळतो, सपोर्ट कुठे द्यायचा ते झोपेत सांगेल. त्याची सगळी नोकरी पीडीएमएसवर झाली. जाहिरातीत 'एसपीथ्रीडी ५ वर्षं आवश्यक' असं असतं आणि त्याचा बायोडेटा एचआरची मुलगी पहिल्या चाळणीत बाजूला काढते. एल्बो दोन्हीकडे नव्वद अंशातच वळतो, हे तिला कोण सांगणार!

धागाकर्त्यांनी मागच्या वर्षभरात कोणाकडून किती बिल झालं ते काढावं. ज्याचं बिल जास्त, त्याचं सॉफ्टवेअर.

वागळे_ड्राफ्ट्समन | दुपारी १:४०

पायपिंगवाल्यांशी सहमत, आणि म्हणूनच सांगतो, डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल, कोणी नाकारत नाही.

नौपाडा_आर्किटेक्ट | दुपारी २:२५

काका, नाकारत नाहीत हे खरं, पण ते प्रेमाने नाही. मंजुरीसाठी नकाशा ऑनलाइन द्यायचा तर डीडब्ल्यूजीच लागतं, आणि त्यातले लेयर, त्यांची नावं, बंद पॉलीलाइन सगळं ठरल्याप्रमाणे. २०२० च्या डिसेंबरात यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) आलं, तेव्हा आम्ही ऑफिसात नियम वाचण्याइतकाच वेळ टेम्प्लेट बदलण्यात घालवला. प्लॉटची रेषा एके ठिकाणी किंचित उघडी राहिली तर क्षेत्रफळच मोजलं जात नाही.

आमच्याकडची लढाई रेव्हिटची, इमारतीचं थ्री-डी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरची. ते मुळात ऑटोडेस्कचं नाहीच. बाहेरच्या कंपनीने केलं, ऑटोडेस्कने २००२ ला १३.३ कोटी डॉलरला घेतलं. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि मागे सेव्ह करायची सोयच नाही. आमचा स्ट्रक्चरल सल्लागार पुढे गेला की आम्हाला जावंच लागतं. २०२० मध्ये परदेशातल्या मोठमोठ्या आर्किटेक्ट फर्मनी मिळून ऑटोडेस्कला जाहीर पत्र लिहिलं होतं की दर वाढतायत आणि रेव्हिटमध्ये सुधारणा दिसत नाही. त्यांनी पत्र लिहिलं. आम्ही नौपाड्यात फी भरतो.

रबाळे_टूलरूम | दुपारी २:५०

ताई, सॉलिडवर्क्सचंही असंच आहे का? अंबरनाथवाला दरवर्षी नवीन आवृत्ती घेतो असं ऐकलंय.

जुना_यूजी | दुपारी ३:१५

तसंच होतं. नव्याची फाइल जुन्यात उघडायची नाही, बोंबला. २०२४ पासून मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत सेव्ह करता येतं, म्हणजे २०२४ वाला तुम्हाला २०२२ ची फाइल देऊ शकतो. त्यासाठी त्याने आठवणीने तसं सेव्ह करायला हवं. करणार नाही. म्हणून परत तेच, एक्स_टी.

डीडब्ल्यूजीचं त्या मानाने बरं. २०१८ ला फॉरमॅट बदलला, त्यानंतर कितीतरी आवृत्त्यांनी तोच चालवला.

ब्रिक्सवाला | दुपारी ४:००

डीडब्ल्यूजीचा विषय निघालाच आहे तर ह्या फॉरमॅटवरून झालेली मारामारी ऐका. १९९७ मध्ये ऑटोडेस्कने सॉफ्टडेस्क ही कंपनी घेतली. सॉफ्टडेस्क आतल्या आत ऑटोकॅडसारखंच एक सॉफ्टवेअर बनवत होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सांगितलं, कंपनी घ्या, पण ते सोडून द्या. ते पुढे व्हिजिओकडे गेलं आणि त्यातून इंटेलिकॅड आलं. १९९८ ला बाकीच्यांनी मिळून ओपनडीडब्ल्यूजी अलायन्स काढली, फॉरमॅट उलगडून सगळ्यांना वाचता यावा म्हणून. ऑटोकॅडमध्ये परक्या सॉफ्टवेअरची फाइल उघडली की 'ही फाइल ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरने सेव्ह केलेली नाही' छापाची सूचना यायची, ती आठवते? त्या खुणेवरून ऑटोडेस्क २००६ मध्ये कोर्टात गेली. आणि २०२० ला ऑटोडेस्क स्वतःच त्या अलायन्सची सदस्य झाली.

मी ब्रिक्सकॅड वापरतो. बेल्जियममधल्या घेंटची कंपनी, २०१८ पासून हेक्सागॉनकडे. कमांड त्याच, लिस्प तेच, वागळेकाकांना चष्मा न लावताही चालवता येईल. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमचे परवाने विकणं थांबवलं आणि सगळ्यांना भाड्यावर आणलं, तेव्हा माझ्यासारखे बरेच जण इकडे आले. भाडं थकलं की स्वतःचंच ड्रॉइंग उघडत नाही, हे मला पटत नाही.

वागळे_ड्राफ्ट्समन | दुपारी ४:२०

चष्म्याचं बोलू नका. बाकी डेमो बघायला हरकत नाही.

मुक्तछंद | संध्याकाळी ६:१०

एवढ्या प्रतिसादांत फ्रीकॅडचं कोणी नावही घेतलं नाही! २०२४ च्या नोव्हेंबरात १.० आलं. एक फेस बदलला की पुढची सगळी फीचर्स भलत्या कडेला जाऊन चिकटायची, तो जुना आजार त्यात बराच आटोक्यात आलाय. स्टेप उघडतं, माप घेता येतं, ड्रॉइंग काढता येतं. भाडं नाही, डोंगल नाही, रिसेलरचा चहा नाही.

जुना_यूजी | संध्याकाळी ६:२५

स्टेप बघायला आणि मापायला उत्तम, कोटेशनच्या टेबलावर टाकून ठेवाच. दोनशे पार्टांची फिक्स्चर असेंब्ली त्यात करायला मी बसणार नाही. कर्नल ओपनकॅस्केड आहे, गुंतागुंतीच्या कास्टिंगवर फिलेट मारताना हात टेकते.

सरळ_रेषा | संध्याकाळी ६:३१

प्रथमच जुना_यूजींशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

शिकाऊ_तुर्भे | संध्याकाळी ७:०५

फ्यूजन फुकट आहे ना? आमच्या कॉलेजात सगळे तेच वापरतात.

ब्रिक्सवाला | संध्याकाळी ७:२०

वैयक्तिक वापराला फुकट, धंद्याला नाही. शिवाय 'फुकट' किती दिवस ते देणारा ठरवतो. २०२० मध्ये फ्यूजनच्या फुकट परवान्यावर एकाच वेळी दहाच फाइल चालू ठेवायची मर्यादा आली. स्टेप एक्सपोर्टही काढणार होते, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ठेवलं. दासोचं ड्राफ्टसाइट असंच वर्षानुवर्षं फुकट होतं. २०१९ संपलं आणि जुन्या फुकट प्रती उघडायच्याच बंद झाल्या. माझ्या माहितीतल्या दोन फॅब्रिकेटरांचा १ जानेवारी त्यातच गेला.

खारघरची_वकील | रात्री ८:१५

क्रॅक नको म्हणालात, चांगलं केलंत. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब. संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नव्हता असं दिसलं तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. टूलरूममध्ये बसून 'धंद्यासाठी नव्हतं' म्हणणं जरा कठीण जाईल.

एक व्यवहारातली गोष्ट. नोटीस येते ती मालकाला, आणि क्रॅक टाकलेला असतो नोकरी सोडून गेलेल्या मुलाने किंवा 'सगळं लोड करून देतो' म्हणणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याने. मशीनवर काय काय आहे त्याची यादी करा आणि फाइलला लावा. बाहेरच्या फ्रीलान्सरकडून काम घेता तेव्हा त्याच्या परवान्याचंही विचारा.

कोपरीकर | रात्री ८:४०

धाग्यावर एकदम शांतता. सगळे यादी करायला गेलेले दिसतात.

ऐरोली_पायपिंग | रात्री ९:१०

शांतता घालवतो. सॉफ्टवेअरच्या भांडणात खरंखुरं नुकसान बघायचं तर एअरबसचं ए३८० बघा. हॅम्बुर्गला कॅटिया व्ही४, तुलूजला व्ही५. नाव एक, पण आवृत्त्यांची आतली रचना वेगळी. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग. जर्मनीत केलेले हार्नेस (वायरींचे बांधलेले जुडगे) फ्रान्समध्ये विमानात बसवायला घेतले तर लांबी पुरेना, वळणं जुळेनात. कामगार हाताने वायरी मोकळ्या करून पुन्हा बांधत बसले. २००६ मध्ये हे जाहीर झालं, वरच्या साहेबांच्या खुर्च्या गेल्या, आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते २००७ च्या ऑक्टोबरात, ठरल्या वेळेपेक्षा दीड-दोन वर्षं उशिरा.

एकाच कंपनीच्या एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांनी हे केलं. मग सॉलिडवर्क्स थोर की सॉलिड एज, ह्यावर रात्री जागवून काय मिळणार? समोरच्याकडे काय आहे ते विचारा.

सरळ_रेषा | रात्री ९:२२

तेच तर म्हणतोय. समोरच्याकडे सॉलिडवर्क्स आहे!

रबाळे_टूलरूम | गुरुवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार, वागळेकाकांचे विशेष. तुम्ही सगळे भांडत होतात तेव्हा मी दोन कामं केली.

एक, ऐरोलीकरांनी सांगितल्याप्रमाणे अकाउंटंटकडून बिलं काढून घेतली. मला वाटत होतं चाकणवाला मोठा, कारण तो ओरडतो जास्त. निघाला अंबरनाथवाला, आणि फार पुढे. दोन, त्याच्या डिझाइनच्या माणसाला फोन केला. एक्स_टी द्यायला त्याची ना नाही, पण तो म्हणाला, तुम्ही फिक्स्चरची असेंब्ली आम्हाला सॉलिडवर्क्समध्ये परत दिलीत तर आमचं अप्रूव्हल आठवड्याऐवजी दोन दिवसांत होईल, कारण आमच्याकडे ती थेट मशीनच्या मॉडेलवर बसवून बघतात. हे मला कोणी आधी विचारायला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तेव्हा सॉलिडवर्क्स स्टँडर्डची एक सीट, प्रीमियम नाही. चाकणकडून स्टेप आणि बरोबर पीडीएफ, नाहीतर कोटेशन नाही. एलटी आहे तसं चालू ठेवतोय, शॉपवरची पोरं त्याच प्रिंट वाचतात आणि वायरकटचे प्रोफाइलही त्यातूनच जातात. फ्रीकॅड माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टाकून घेतलं, काल त्यात पहिल्यांदा स्वतः एक कास्टिंग फिरवून बघितलं.

जुना_यूजी, सिंक्रोनस खरंच आवडलं. ग्राहक सॉलिड एजवाला असता तर तेच घेतलं असतं.

जुना_यूजी | रात्री १०:२०

चालेल. बिल महत्त्वाचं. रिसेलरला मार्चअखेरीस भेटा, तेव्हा त्यांच्या डोक्यावर टार्गेट असतं. दर आणि मेन्टेनन्स वेगवेगळे लिहून घ्या. मेन्टेनन्स एखाद्या वर्षी नाही भरला तर पुन्हा चालू करायला काय पडेल, हेही कागदावर घ्या, तोंडी नको.

सरळ_रेषा | रात्री १०:२४

मंगळवारी ९:५१ चा माझा प्रतिसाद पुन्हा वाचावा.

वागळे_ड्राफ्ट्समन | रात्री १०:५०

रबाळेकर, केबिनमधल्या मुलाला शनिवारी माझ्याकडे पाठवा. सॉफ्टवेअर तो शिकेल, पण प्रिंटवर टॉलरन्स कुठे घट्ट धरायचा आणि कुठे सोडायचा ते मी दाखवतो. रोड नंबर १६ ला चहाच्या टपरीसमोर. येताना तुमच्या एखाद्या जुन्या फिक्स्चरची प्रिंट घेऊन यायला सांगा, ए१ साइझची, लॅपटॉप नको.

रबाळे_टूलरूम | रात्री १०:५८

काका, नक्की. त्याच्याबरोबर मीही येतो.

शिकाऊ_तुर्भे | रात्री ११:१५

मी पण येऊ का? ए१ काढून देणारा प्लॉटर तुर्भ्यात कुठे आहे?